शोकात्मिकेचा प्रेक्षक कोण?

दरवर्षी पावसाळ्यात, सत्र सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की, मी अ‍ॅरिस्टॉटलची शोकात्मिकेची व्याख्या फळ्यावर लिहितो. गंभीर आणि स्वयंपूर्ण कृतीचे अनुकरण, तिला काही एक आकारमान, सजवलेली भाषा, निवेदनाऐवजी प्रत्यक्ष कृती, आणि शेवटी करुणा व भीती यांच्याद्वारे त्या भावनांचे ‘कॅथार्सिस’. मुले-मुली ती उतरवून घेतात. ‘कॅथार्सिस म्हणजे विरेचन’ असे मी म्हटले की मागच्या बाकांवर हसू फुटते. विरेचन म्हणजे एरंडेल, हे आमच्या तालुक्याच्या गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मी त्यांना हसू देतो, कारण त्या हसण्यात शास्त्र आहे. अ‍ॅरिस्टॉटलचा बाप वैद्य होता. आणि १८५७ साली याकोप बर्नेज या जर्मन पंडिताने कॅथार्सिसचा नेमका हाच, वैद्यकातला, अर्थ लावून दाखवला. त्याच्या आधी लेसिंगने ‘भावनांचे सद्गुणांत रूपांतर’ असा नैतिक अर्थ लावला होता. नंतरच्या काहींनी ‘विशदीकरण’ असा बौद्धिक अर्थ लावला. खुद्द अ‍ॅरिस्टॉटल ‘राज्यशास्त्रा’च्या आठव्या भागात म्हणतो की, या शब्दाचा खुलासा आपण काव्यावरच्या ग्रंथात अधिक स्पष्टपणे करू, आणि आज हाती असलेल्या ‘काव्यशास्त्रा’त तो खुलासा नाही. एका न सापडलेल्या पानावर पंडितांच्या पिढ्या वाद घालत आल्या. त्या वादाची टिपणे मी गेली काही वर्षे इमानेइतबारे देत आलो आहे.

दोन वर्षांपूर्वी या तासाला एका विद्यार्थिनीने हात वर केला. तिची आई शेतमजुरी करते. ती म्हणाली, “सर, ज्याला रोजच भीती वाटते, त्याची भीती नाटक बघून कशी जाईल?” घंटा झाली म्हणून मी वाचलो.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या क्रमिक पुस्तकांत नाही, कारण तिथे ‘प्रेक्षक’ हा शब्द नेहमी एकवचनी असतो. प्रेक्षकाच्या मनात करुणा जागृत होते, प्रेक्षक नायकाशी तादात्म्य पावतो, प्रेक्षकाचे चित्त हलके होते. हा प्रेक्षक कोण? तो कुठे बसला आहे? पुढे गादीवर, की मागे धुळीत? नाटक सुटल्यावर तो कुठल्या वस्तीकडे जातो? असे प्रश्न समीक्षेत विचारणे आपल्याकडे साहित्यबाह्य मानले जाते. परंतु ज्या ग्रीक माणसाच्या नावाने ही साहित्यबाह्यतेची भीती घातली जाते, त्याने स्वतः हे प्रश्न विचारले होते आणि त्यांची उत्तरेही स्वच्छ शब्दांत दिली होती. या बाबतीत अ‍ॅरिस्टॉटल आमच्या क्रमिक पुस्तकांपेक्षा पुष्कळच प्रामाणिक आहे.

‘राज्यशास्त्रा’च्या त्याच आठव्या भागात, कॅथार्सिसचा उल्लेख केल्यानंतर काही ओळींतच तो सांगतो की प्रेक्षक दोन प्रकारचे असतात. एक स्वतंत्र आणि सुशिक्षित. दुसरा हलका, म्हणजे कारागीर, मजूर आणि तत्सम लोकांचा. या दुसऱ्या वर्गाचे मन स्वाभाविक स्थितीपासून वाकडे गेलेले असते, म्हणून त्याला संगीतही वाकडेच आवडते, आणि विसाव्यासाठी त्याला ते मिळू द्यावे, असा त्याचा उदार सल्ला आहे. ‘काव्यशास्त्रा’च्या पंधराव्या प्रकरणात पात्रांच्या चांगुलपणाची चर्चा करताना तो म्हणतो की, स्त्रीसुद्धा चांगली असू शकते आणि गुलामसुद्धा, मात्र स्त्री ही कनिष्ठ आणि गुलाम हा तर सर्वस्वी हीन. तेराव्या प्रकरणात नायक कीर्तिमान आणि वैभवात असलेला हवा, ही अट आहेच. जो आधीच खाली आहे तो पडणार कुठून?

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाची जागा ‘काव्यशास्त्रा’च्या बाहेर, ‘वक्तृत्वशास्त्रा’च्या दुसऱ्या भागात आहे. मराठीत शोकात्मिकेची चर्चा करणारे तिथवर क्वचितच जातात. तिथे करुणेची व्याख्या केलेली आहे. पात्रता नसताना एखाद्यावर कोसळलेले संकट पाहून होणारे दुःख म्हणजे करुणा, पण ते संकट उद्या आपल्यावर किंवा आपल्या माणसावर येऊ शकेल असे वाटले पाहिजे. म्हणून दोन प्रकारच्या माणसांना करुणा वाटत नाही, असे अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो. जो स्वतःला अत्यंत सुखी समजतो त्याला नाही, कारण आपल्याला काही होईल असे त्याला वाटतच नाही. आणि जो पूर्णपणे उद्ध्वस्त झाला आहे त्यालाही नाही. आणखी काय व्हायचे राहिले आहे, असे त्याला वाटते. करुणा ही मधल्या माणसाची भावना आहे. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही आहे, आणि अजून ते गमावलेले नाही, अशाची.

माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न चोवीसशे वर्षांपूर्वीच ओळखला गेला होता तर. मात्र उत्तर असे होते की, ज्याला रोजच भीती वाटते तो या नाट्यगृहाचा प्रेक्षकच नव्हे.

अ‍ॅरिस्टॉटलवर एवढे लिहिल्यावर त्याची बाजूही मांडली पाहिजे. आपल्या गुरूच्या तुलनेत तो भावनांचा मित्र होता. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात शोकात्म कवीवर आरोप ठेवला की, नाटकात परक्याच्या दुःखावर रडण्याची सवय लागली की मनाचा तो भाग पोसला जातो आणि स्वतःवर वेळ आल्यावर आवरत नाही. म्हणून कवीला नगराबाहेर काढा. अ‍ॅरिस्टॉटलने कवीला परत आत घेतले, आणि रडण्याने माणूस बिघडत नाही असे सांगितले. पण या गुरुशिष्यांच्या भांडणात एक गोष्ट दोघांनाही मान्य आहे, ती म्हणजे नगराची व्यवस्था ढळता कामा नये. एकाला वाटते अश्रूंनी ती ढळेल. दुसऱ्याला वाटते अश्रू वाहून गेले की ती टिकेल.

खरोखर ढळण्याचा प्रसंग एकदा आला होता. हिरोडोटसने आपल्या इतिहासाच्या सहाव्या भागात तो नोंदवला आहे. इसवी सनापूर्वी ४९४ मध्ये इराणी सैन्याने मिलेटस हे आयोनियन ग्रीकांचे शहर जिंकले. पुरुष बहुतेक मारले गेले, बायकामुले गुलाम झाली. मिलेटसचे लोक अथेन्सच्या नात्यातले. अथेन्सने सुरुवातीला त्यांच्या उठावाला जहाजे पाठवली होती आणि नंतर अंग काढून घेतले होते. थोड्याच काळानंतर फ्रिनिकस या नाटककाराने ‘मिलेटसचा पाडाव’ हे नाटक रंगभूमीवर आणले. सगळे नाट्यगृह रडू लागले. अथेन्सने काय केले? ‘आपल्या घरच्या दुःखांची’ आठवण करून दिली म्हणून फ्रिनिकसला १००० द्राख्मांचा दंड ठोठावला आणि हे नाटक पुन्हा कोणीही करू नये असा हुकूम काढला.

या घटनेपाशी मी फार वेळ थांबतो. नाटक पडले असते तर दंडाची गरज नव्हती. अ‍ॅरिस्टॉटलने पुढे शोकात्मिकेकडून जी अपेक्षा केली ती फ्रिनिकसने पूर्ण केली होती. करुणा होती, भीती होती, आसवे होती. नव्हते ते अंतर. रडणारा प्रेक्षक कोणा थीब्जच्या राजासाठी रडत नव्हता. तो आपल्याच माणसांसाठी आणि बहुधा आपल्याच कचखाऊपणासाठी रडत होता. हाती असलेल्या ग्रीक शोकात्मिका पाहा. एस्किलसचे ‘इराणी’ हे नाटक सोडले तर सगळ्या दूरच्या पुराणकथांतल्या राजघराण्यांच्या आहेत. आणि ‘इराणी’मध्येही रडणारे अथेन्सचे नव्हेत, शत्रूच्या दरबारातले आहेत. ही केवळ अभिरुची होती असे म्हणणे मला अवघड जाते. दुःख दाखवा, पण दुसऱ्याचे दाखवा, हा धडा एक हजार द्राख्मा मोजून शिकवला गेला होता.

मग दुसऱ्याच्या दुःखाने काय होते? इसवी सनापूर्वी ४१६ मध्ये अथेन्सच्या सैन्याने मेलॉस या छोट्या बेटाला वेढा घातला, आणि ते शरण आल्यावर हाती लागलेल्या प्रौढ पुरुषांची कत्तल करून बायकामुले गुलाम म्हणून विकली. थ्युसिडिडीसने ते सारे लिहून ठेवले आहे. पुढच्याच वसंतात, ४१५ मध्ये, युरिपिडीसचे ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ अथेन्समध्ये झाले. पाडाव झालेल्या नगरीच्या विधवा, वाटणीत कोण कोणाच्या वाट्याला जाणार याची वाट पाहणाऱ्या. आणि तटावरून फेकून मारलेले एक मूल. नाटककाराच्या मनात मेलॉस होते की नाही, याबद्दल पंडित भांडोत. प्रेक्षकांत मात्र मेलॉसहून परतलेले शिपाई असणारच. युरिपिडीसला दुसरे बक्षीस मिळाले. त्याच उन्हाळ्यात अथेन्सचे आरमार नवा मुलूख जिंकायला सिसिलीकडे निघाले. याच नाट्यगृहात, याच उत्सवात, मांडलिक राज्यांकडून आलेली खंडणी रंगभूमीवर आणून प्रेक्षकांना दाखवली जात असे, ही माहिती आमच्या ‘ग्रीक रंगभूमी’च्या टिपणात कुठे येत नाही.

प्लुटार्कने फेराईच्या अलेक्झांडर नावाच्या जुलमी राजाची गोष्ट सांगितली आहे. ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ पाहताना तो मधेच उठून गेला. आपण इतकी माणसे मारली तेव्हा कधी दया आली नाही, आणि आज हेक्युबा व अँड्रोमॅकीच्या दुःखाने रडताना प्रजेने आपल्याला पाहिले तर काय होईल, याची त्याला लाज वाटली. रूसोने १७५८ साली दालाम्बेरला लिहिलेल्या पत्रात हाच राजा उदाहरणाला घेतला, आणि नाटकाच्या बाजूने बोलणाऱ्यांची बोलती बंद केली. रूसोचा मुद्दा असा की, कल्पित दुःखावर आसवे गाळली की माणुसकीचे सगळे देणे फिटल्यासारखे वाटते, आणि स्वतःच्या खिशाला तोशीसही पडत नाही. खऱ्या दुःखिताला मदत, सोबत, कष्ट द्यावे लागतात. त्याच्याही तेराशे-चौदाशे वर्षे आधी सेंट ऑगस्टिनने आपल्या कबुलीजबाबात म्हटले होते की, नाटकातल्या प्रेक्षकाला मदतीला बोलावलेलेच नसते, फक्त दुःख करायला बोलावलेले असते. ह्यूमचा १७५७चा निबंध मी वर्गात शिकवतो, पण मन लावून शिकवत नाही. शोकाचे सुखात रूपांतर भाषेच्या सौंदर्यामुळे होते, हे त्याचे उत्तर जेवण झालेल्या माणसाचे आहे. हेगेलचा विचार अधिक वजनदार आहे. अँटिगनीत दोन रास्त हक्कांची टक्कर होते असे तो म्हणतो. पण जिथे एका बाजूला हक्कच नाही तिथे टक्कर कसली व्हायची?

आता मी माझ्या घरी येतो. गोष्ट साधारण १९५५ची आहे, आजीकडून ऐकलेली. आमच्या गावच्या जत्रेत त्या वर्षी हरिश्चंद्राचे नाटक झाले. गावातल्याच हौशी पोरांनी केले होते. आमची माणसे मागे, मंडपाच्या कनातीबाहेर उभी. हरिश्चंद्र राज्य गमावतो, बायको-मुलगा विकतो, शेवटी स्वतः डोंबाला विकला जातो आणि मसणवट्यात राखणीला उभा राहतो. डोंबाघरी पाणी भरण्याची राजावर आलेली वेळ ही आपल्याकडे विपत्तीची परिसीमा म्हणून सांगितली जाते. त्या प्रवेशाला सगळा मंडप हुंदके देऊ लागला. अंगावर घोंगडी, हातात बांबू, समोर लाल कागद लावलेली चिता.

माझे आजोबा तेव्हा गावकीचे काम करीत. मयताची खबर गावोगाव पोहोचवायची, सरणाला लाकडे वाहायची, मयतावरचे कापड वाट्याला यायचे. (पुढच्याच वर्षी, नागपूरच्या दीक्षेनंतर, त्यांनी ते सोडले.) रंगमंचावरच्या राजाला बांबू नीट धरता येईना. कवटी फोडायचा बांबू कसा धरतात हे त्याला कोणी दाखवलेच नव्हते. मागे उभ्या असलेल्यांतले कोणीतरी म्हणाले, “आरं, आसं धरलं तर हात भाजंल राजाचा!” आणि आमची माणसे हसली. पुढच्या लोकांनी रडत रडत मागे वळून त्यांना दटावले.

गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की, लहानपणी पाहिलेल्या हरिश्चंद्राच्या नाटकाने त्यांना झपाटून टाकले, ते आठवून आपण अनेकदा रडलो, आणि सगळेच हरिश्चंद्रासारखे सत्यवादी का होत नाहीत हा प्रश्न आपल्याला पडला. त्यांच्या रडण्यावर मला शंका घ्यायची नाही. पण एकाच नाटकात एका मुलाला सत्य दिसले आणि माझ्या आजोबांना बांबू दिसला. हे दोन प्रेक्षक कुठल्या एकवचनात बसवायचे? मार्कंडेय पुराणात तर राजाला विकत घेणारा चांडाळही खरा चांडाळ नाही; वेष पालटून आलेला साक्षात धर्म आहे. म्हणजे ज्याच्या घरी राबणे ही शोकाची परिसीमा, त्या माणसाला कथेत स्वतःची अशी जागाच नाही. राजा वर्षभर ते काम करतो तेव्हा ती शोकात्मिका होते. पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्याचे काय होते, याला साहित्यशास्त्रात शब्द नाही.

संस्कृत साहित्यशास्त्राचे अभिमानी इथे म्हणतील की आमच्याकडे साधारणीकरण आहे. रसास्वादात व्यक्तीचे मी-माझे गळून पडते. अभिनवगुप्ताचा तो विचार खरोखर सूक्ष्म आहे, हे मान्य. पण त्याचा सहृदय कोण? काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो. हे परिशीलन कोणाला खुले होते हे वेगळे सांगायला नको. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात, शूद्रांनी वेद ऐकायचे नाहीत म्हणून सर्व वर्णांसाठी हा पाचवा वेद, अशी घोषणा आहे खरी. दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडप बांधताना चार वर्णांचे चार खांबही उभे केले आहेत, पांढरा, तांबडा, पिवळा आणि निळाकाळा. पाचवा खांब नाही. माझे आजोबा कनातीबाहेर उभे होते ते शास्त्राप्रमाणेच उभे होते.

मात्र गोष्ट इथेच संपवली तर ती खोटी होईल. संपवण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे, व्याख्यानात टाळ्याही पडतात. पण आजी पुढे सांगायची. आजोबा हसले त्या नाटकात आजी रडली. राजासाठी नाही. पुढे तारामती मेलेल्या रोहिदासाला उचलून मसणवट्यात येते, तिच्याजवळ द्यायला काही नाही, तेव्हा. आजीचा पहिला मुलगा आदल्या वर्षी तापाने गेला होता. गेला त्या दिवशी गावात दुसरेही एक मयत होते, मोठ्या घरचे; आजोबांना खबर घेऊन जावे लागले आणि आजीला लाकडांसाठी. लेकराला संध्याकाळी पुरले. ती त्या दिवशी रडली नव्हती, वेळच नव्हता. ती रडली वर्षभराने, जत्रेत, तारामतीच्या निमित्ताने.

उद्ध्वस्त माणसाला करुणा वाटत नाही, हे अ‍ॅरिस्टॉटलचे विधान माझ्या आजीपाशी येऊन चुकते. गंमत म्हणजे त्याला ते चुकते हे कळायला हवे होते, कारण त्याचा आवडता होमर ते आधीच सांगून गेला होता. ‘इलियड’च्या एकोणिसाव्या सर्गात पेट्रोक्लसच्या प्रेतापाशी ब्रिसेइस विलाप करते. ती लढाईत पकडून आणलेली दासी. आजूबाजूच्या बायकाही तशाच. होमर म्हणतो की त्या बायका रडू लागल्या, निमित्त पेट्रोक्लसचे, पण प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी रडत होती. धन्याच्या मित्राचे प्रेत समोर आहे म्हणूनच त्यांना रडायची मुभा आहे. एरवी दासीच्या रडण्याला जागा नाही. पुढे फ्रिनिकसच्या नाटकात सगळे शहर उघडउघड जे करू लागले तेच या दासी आडपडद्याने करीत होत्या. अ‍ॅरिस्टॉटलने ओळखली नाही ती करुणा ही आहे. मधल्या माणसाची करुणा स्वतःकडून परक्याकडे जाते आणि तिथे सांडून मोकळी होते. या बायकांची करुणा परक्याकडून स्वतःकडे येते.

मी आजीला विचारले होते, रडल्यावर हलके वाटले का? बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, विरेचन नुकतेच शिकलो होतो. ती म्हणाली, “हलकं कशाचं रं? तवा कळलं, लई रडायचं राह्यलंय.”

आमचे कार्यकर्ते मित्र मला म्हणतात की, रडण्याचे एवढे कौतुक कशाला? त्यांच्या हातात ब्रेख्त आणि बोआल असतात. ब्रेख्तने अ‍ॅरिस्टॉटलची वाट नाकारली. प्रेक्षकाने गुंगीत बसू नये, विचार करावा, हे जग बदलता येते हे त्याला दिसावे. हे सारे मला मोलाचे वाटते. पण ब्रेख्तचाच अनुभव पाहा. १९४१ साली झुरिकला ‘मदर करेज’चा पहिला प्रयोग झाला. युद्धावर पोट भरणारी फेरीवाली बाई, आणि युद्धातच तिची मुले एकेक करून जातात. तिने काही शिकले नाही हे प्रेक्षकाने पाहावे अशी ब्रेख्तची इच्छा. प्रेक्षक रडले, समीक्षकांना त्या बाईत नायोबी दिसली, मुले गमावलेली पुराणातली आई. ब्रेख्तने चिडून १९४९च्या बर्लिनच्या प्रयोगासाठी संहितेत बदल केले, करेजला अधिक कठोर केले. तिथेही लोक रडले. मला वाटते, युद्ध होऊन गेलेल्या त्या शहरात आयांना रडू नका असे सांगणे नाटककाराच्या हातात नव्हते, आणि त्या रडण्यात विचार नव्हता असे ठरवणेही त्याच्या हातात नव्हते.

बोआलची गोष्ट अधिक जवळची आहे. ब्राझीलच्या ईशान्य भागात १९६०च्या सुमारास तो आणि त्याचे शहरी सोबती खेड्यांत क्रांतीची नाटके करीत. नाटकाच्या शेवटी सगळे नट बंदुका उंचावून, जमिनीसाठी रक्त सांडू या असे गात. एका प्रयोगानंतर एक शेतकरी भारावून आला आणि म्हणाला, चला, आमच्याकडे बंदुका आहेत, आत्ताच जमीनदाराच्या माणसांना हुसकावू. नटांनी समजावले की आमच्या बंदुका लाकडाच्या आहेत. तो म्हणाला, हरकत नाही, जास्तीच्या आमच्याकडे आहेत. ते म्हणाले, आम्ही शेतकरी नाही, कलावंत आहोत. तेव्हा त्याच्या लक्षात आले की, हे लोक रक्त सांडण्याचे बोलतात ते आपल्या रक्ताबद्दल, स्वतःच्या नव्हे. बोआलने ही फजिती लपवली नाही, हा त्याचा मोठेपणा. त्यातून पुढे प्रेक्षकानेच उठून नाटक बदलायचे ही त्याची पद्धत घडत गेली. १९७४च्या त्याच्या पुस्तकात अ‍ॅरिस्टॉटलची शोकात्मिका ही माणसाला वेसण घालणारी यंत्रणा आहे असा आरोप आहे. तो मला निम्मा पटतो. अथेन्सच्या स्वतंत्र नागरिकाबाबत खरा. ब्रिसेइसच्या सोबतिणींबाबत नाही.

आपल्याकडे १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले, आणि दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. त्यात भटाच्या धाकाने लुबाडलेले शेतकरी जोडपे आहे. हे दुःख रडवण्यासाठी पुरेसे होते. पण जोतीराव मधे विदूषक आणतात, तो शेरे मारतो, आणि शेवटी ते नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जायला निघतात. बोआल यायला अजून शंभरावर वर्षे होती. मात्र रडण्याची जी गरज माझ्या आजीला होती ती त्या नाटकाने भागली असती असे मला वाटत नाही, आणि भागायला हवी होती असेही कोणी म्हणू नये. एका माणसाला दोन्ही लागते.

एका चर्चासत्रात मी आजीची ही हकीकत सांगितली. समोर प्राध्यापक, समीक्षक, काही संशोधक विद्यार्थी. पुढच्या दोन रांगांत रुमाल निघाले. चहाच्या वेळी एक ज्येष्ठ गृहस्थ खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुम्ही आज रडवलंत हो!” आणि लगेच शेजारच्याला विचारले की प्रवासभत्त्याचे अर्ज कुठे मिळतात. त्यांचे रडणे खोटे नव्हते. ‘बलुतं’ १९७८ला आले तेव्हापासून आमच्या आत्मकथनांना असा प्रेक्षक मिळत आला आहे, वाचून ज्याच्या अंगावर काटा येतो आणि ज्याला वाचून झाल्यावर बरे वाटते. फेराईचा राजा निदान उठून गेला होता. मला मात्र त्या दिवशी घरी येताना वाटले की, आजीचे लेकरू मी पुन्हा एकदा दुसऱ्यांच्या मसणवट्यात नेऊन ठेवले. तरी लिहायचे नाही, सांगायचे नाही, हा त्यावरचा उपाय असू शकत नाही. तो तर फ्रिनिकसला झालेला दंड आपणच आपल्याला करून घेणे झाले. कोणासमोर सांगतो याकडे आता मी पाहतो. आजीची हीच हकीकत वस्तीतल्या वाचनालयात सांगितली तेव्हा कोणी रुमाल काढला नाही. एक म्हातारी मधेच म्हणाली, “माझा बी आसाच गेला,” आणि मग तासभर मला बोलायला मिळाले नाही.

त्या विद्यार्थिनीचे सांगायचे राहिले. वर्षअखेरच्या पेपरात ‘कॅथार्सिसची संकल्पना स्पष्ट करा’ हा नेहमीचा प्रश्न आला. तिने पहिल्या पानावर माझी टिपणे लिहिली, बर्नेज आणि लेसिंगसकट, आणि दुसऱ्या पानावर तिचा तो प्रश्न लिहून खाली आपल्या आईबद्दल लिहिले. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली तेव्हा तिने मला ती दाखवली. १५ पैकी ६ गुण होते, आणि दुसऱ्या पानावर परीक्षकाने तांबड्या शाईने उभी रेघ मारली होती. ती उत्तरपत्रिका माझ्याकडे तपासायला आली नव्हती. आली असती तर मी ती रेघ मारली नसती, एवढे सांगू शकतो. पण गुण किती दिले असते, हे मी तिला अजून सांगू शकलेलो नाही.